हजेरी कोण घेतं?

बालमित्रांनो,

पायात काटा मोडला की पुढं काय होतं, हे तुम्हांला मी सांगायला नको. त्यातून तो बाभळीचा असला तर बोलायलाच नको! आधी कळ मस्तकात जाते. मग तासा-दोन तासांत भोवतालची कातडी लाल होते, हात लावला तर गरम लागते, फुगते. रात्री ठणका सुरू होतो. आणि काटा आतच राहिला, तर दोन-तीन दिवसांनी तिथं पांढरट-पिवळा ठिपका दिसू लागतो. आजी पाय मांडीवर घेऊन बघते आणि म्हणते, "पिकलंय गं."

हे 'पिकणं' म्हणजे काय? तो पू कशाचा असतो? वर्गात विचारलं की हमखास उत्तर येतं, "बाई, घाण!" खरंच घाण असते ती, पण कोणाची? त्यातला बराच भाग आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा असतो. त्या लाखोंच्या संख्येनं तिथं धावत आल्या, आत शिरलेल्या जंतूंशी भिडल्या आणि मेल्या. रणांगणावर पडलेले आपले शिपाई म्हणजे पू.

पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात हे तुमच्या पुस्तकात आहे, त्यामुळे तो धडा मी पुन्हा शिकवत नाही. मला वेगळंच कोडं घालायचंय. त्या पेशींना बोलावलं कोणी? आधी दहा आल्या असतील, मग शंभर, मग लाख. पुरेशा झाल्या हे कोणी मोजलं? आणि "आता थांबा" असं कोण म्हणालं? शाळेत हजेरीपट असतो, बाई असतात. काट्याभोवती हजेरी कोण घेतं?

"मेंदू!" तुमच्यातले निम्मे तरी आत्ता ओरडले असतील. पण नाही. ठणका मेंदूला कळतो, पण कुठली पेशी कुठं उभी आहे याची यादी त्याच्याकडे नसते. मेंदूच नसलेल्या प्राण्यांतही हे चालतं. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ राहत होता. एके दिवशी घरातली मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली, आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. ताराम्याशाचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. त्यानं बागेतले गुलाबाचे काटे आणून त्या पिल्लांना टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचं कडं! ताराम्याशाला ना मेंदू, ना रक्त. तरी पेशी बरोबर जमल्या. या कामासाठी मेचनिकॉफला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं, पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर विभागून.

आपल्या काट्याभोवती सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त संख्येनं येते ती पांढऱ्या पेशींतली 'न्यूट्रोफिल' नावाची पेशी. मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत त्या तयार होतात, रोज दहा हजार कोटींच्या घरात! इतक्या का? कारण बिचाऱ्यांचं आयुष्य फार थोडं असतं. रक्तात आली की तासांचा हिशेब सुरू.

आता मोजणीचं बघू. या पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. ती शेजारणींना मोजणार कशी?

आमच्या वर्गात आम्ही एक खेळ खेळलो. एका मुलाचे डोळे रुमालानं बांधले. बाकीच्यांपैकी मी ज्यांच्या खांद्याला हात लावीन त्यांनी तोंड मिटून एकसारखं "हूँ..." करत राहायचं. दोघांनी केलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, दोन-तीन आहेत." दहा जणांनी केलं तेव्हा म्हणाला, "आठ-दहा तरी असतील." सगळ्यांनी केलं तेव्हा तर त्यानं कानावर हातच ठेवले! बघा हं, त्यानं एकही डोकं मोजलं नाही. फक्त आवाज किती वाढला ते ऐकलं आणि आकडा सांगितला.

मग आम्ही त्याच दहा जणांना मैदानात नेऊन लांब लांब उभं केलं. तोच मुलगा, तेच दहा "हूँ". या वेळी तो म्हणाला, "तीन असतील." आणि दहाही जणांना साहित्याच्या छोट्या खोलीत कोंबलं, तेव्हा त्याला वीस वाटले. म्हणजे त्याला कळत होती ती नुसती संख्या नव्हे. त्याला कळत होती दाटी! किती जण किती जागेत आहेत, ते. आजचा सगळा लेख या दाटीवरच उभा आहे, तेव्हा हे नीट ध्यानात ठेवा.

पेशी "हूँ" करत नाहीत. त्या आवाजाऐवजी वास सोडतात असं समजा, म्हणजे एक रसायन. उदबत्तीसारखं. मैदानात एक उदबत्ती लावली तर दोन पावलांवर कळतही नाही. देवघरात तीच घमघमते. आणि देवघरात दहा लावल्या तर डोळ्यांतून पाणी. प्रत्येक पेशी स्वतः उदबत्ती आणि स्वतःच नाक. सोडायचं आणि हुंगायचं. वास पातळ असला की "मी इथं एकटीच दिसते", आणि दाट झाला की "अरे वा, आपण पुष्कळ आहोत!"

गंमत अशी, की ही युक्ती आधी सापडली ती आपल्या शरीरात नव्हे. सापडली समुद्रातल्या जिवाणूंत. 'व्हिब्रिओ फिशेरी' नावाचा एक जिवाणू आहे. तो निळसर उजेड देतो. केनेथ नील्सन आणि वुडलंड हेस्टिंग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तो बाटलीत वाढवला. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढत होते, पण बाटली अंधारीच! आणि मग गर्दी पुरेशी झाल्यावर एकदम उजेड. हे त्यांनी १९७० साली मांडलं. हवाई बेटांजवळ लिंबाएवढा एक माकूल राहतो. त्याच्या पोटाकडच्या एका पिशवीत हे जिवाणू दाटीवाटीनं राहतात आणि रात्री खालच्या बाजूला उजेड पाडतात. त्यामुळे चांदण्यात माकुलाची सावली खाली पडत नाही आणि खालून येणारा मोठा मासा फसतो. सकाळ झाली की माकूल बहुतेक सगळे जिवाणू बाहेर टाकून देतो. उघड्या समुद्रात गेलेला तोच जिवाणू उजेड देत नाही. एकट्याचा उजेड कोणाला दिसणार? फुकट ताकद कशाला घालवायची?

लोकसभेचं कामकाज चालायला निदान एक दशांश सदस्य हजर लागतात. कमी असले तर घंटा वाजवतात, नाहीतर सभा थांबवतात. याला मराठीत 'गणपूर्ती' म्हणतात आणि इंग्रजीत 'कोरम'. तुमच्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये "कोरम झाला का?" हे तुम्ही ऐकलं असेलच. जिवाणूंच्या या युक्तीला १९९४ साली नाव मिळालं तेही यावरूनच, 'कोरम सेन्सिंग'. आपण म्हणू, गणपूर्ती ओळखणं. फरक एवढाच की जिवाणूंच्या सभेत अध्यक्ष नसतो.

आता परत काट्याकडे येऊ.

जिवंत उंदराच्या कातडीत आत काय चाललंय, ते दाखवणारे खास लेसरचे सूक्ष्मदर्शक आता आहेत. २०१३ साली टिम लेमरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या कानाच्या कातडीत लेसरनं बारीकशी जखम केली आणि चमकणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी काय करतात ते पाहिलं. आधी जवळच्याच काही आल्या. त्यांतली एखादी तिथं मेली. आणि मग मोहोळ उठल्यासारखं झालं! लांबलांबच्या पेशी वळल्या आणि सरळ रेषेत त्या एका जागेकडे धावल्या. हा वास होता 'ल्युकोट्राइन बी-४' नावाच्या रसायनाचा. आणि तो सोडत होत्या न्यूट्रोफिलच. आलेली पेशी वास सोडते, तो हुंगून पुढची येते, तीही सोडते, तो आणखी लांब जातो. खोखोत जसा "खो" पुढं पुढं जातो, तसा. ज्या न्यूट्रोफिलना या रसायनाचं 'नाक'च नव्हतं, त्यांतल्या लांबच्या पेशींना दिशा सापडेना. (या रसायनांच्या कुटुंबाचा शोध स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ च्या सुमारास लावला. त्यांना १९८२ साली नोबेल मिळालं.) माणसाच्या रक्तातल्या न्यूट्रोफिलही प्रयोगशाळेत अशीच मोहोळं करताना दिसल्या आहेत.

दर ओरखड्याला असं मोहोळ उठलं तर कठीणच! कपडे घालताना, पळताना, आतल्या आत एखाददुसरी पेशी फुटतच असते. तिथं 'मॅक्रोफेज' नावाच्या मोठ्या पेशी कामाला येतात. त्या ऊतींमध्ये कायमच्या वस्तीला असतात. एखादी पेशी मेली की त्या आपले हातपाय पसरून तिला झाकून टाकतात, म्हणजे वास बाहेर सुटतच नाही आणि न्यूट्रोफिलना पत्ता लागत नाही. २०१९ साली हे दिसून आलं. जखम त्यांच्या आवाक्याबाहेरची असली तरच मोहोळ उठतं.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो यापुढचा भाग. जमणं कळलं. पण थांबणं?

विचार करा हं. प्रत्येक येणारी पेशी आणखी वास सोडते, त्यानं आणखी येतात, त्या आणखी सोडतात. हे संपणार कुठं? आणि ते संपायला तर हवंच. न्यूट्रोफिलची हत्यारं जहाल असतात. जंतूला जाळणारी रसायनं ती शेजारच्या भल्या पेशींवरही सांडते. शेतात उंदीर झालेत म्हणून कोणी पिकाला आग लावत नाही. गाऊट नावाच्या दुखण्यात पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात यूरिक आम्लाचे सुईसारखे खडे साचतात. तिथं जंतू एकही नसतो, तरी न्यूट्रोफिलची झुंड येते आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही इतका सांधा दुखतो. गर्दी आवरली नाही की असं होतं.

लेमरमान नंतर जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गेले. तिथल्या त्यांच्या गटानं २०२१ साली याचं उत्तर दिलं. थांबवणारी दुसरी कुठली पेशी बाहेरून यावी लागत नाही. ज्या वासानं त्या येतात, तोच वास फार दाट झाला की त्यांची त्या वासाची नाकं बंद होतात! पेशीच्या आत 'जीआरके-२' नावाचं एक प्रथिन आहे, ते ही नाकं बंद करण्याचं काम करतं. तुम्ही मसाला कुटणाऱ्या गिरणीत गेलात तर आधी ठसका लागतो, पण गिरणीवाल्या काकांना काहीच वाटत नाही ना? साधारण तसंच. वास येईनासा झाला की धावायचं कुठं? पेशी असेल तिथं थांबते. आणि ती थांबते कुठं, तर जिथं दाटी सर्वांत जास्त आहे तिथं, म्हणजे जखमेच्या मधोमध. म्हणजे हजेरी जिनं लावली तिनंच घेतली!

मग त्यांनी उंदरांच्या न्यूट्रोफिलमधून हे प्रथिन काढून टाकलं. आता तुम्हीच सांगा, काय झालं असेल? या पेशींची नाकं बंद होईनात. त्या थांबेचनात. जास्त वेळ धावल्या, जास्त जागा पालथी घातली. ऐकून वाटतं, वा! जास्त धावपळ म्हणजे जास्त जंतू मारले जाणार. पण झालं उलटंच. लसीका गाठींत शिरलेल्या 'स्यूडोमोनास' जिवाणूंना या धावऱ्या पेशींना नीट आवर घालता आला नाही. जिवाणू जास्त वाढले.

असं का? कबड्डी आठवा. चढाईला आलेल्या गड्यामागं सातही जण नुसते धावत सुटले तर तो हसत हसत रेषा गाठेल. कोणीतरी पाय रोवायला हवा, दुसऱ्यानं त्याचा हात धरायला हवा, साखळी पक्की व्हायला हवी. न्यूट्रोफिल थांबतात तेव्हा एकमेकींना खेटून जंतूंभोवती कोट उभा करतात आणि मग त्यांना गिळतात. थांबल्याशिवाय कोट होत नाही.

इथं मला एक गोष्ट सांगायचीच आहे, जरा वेगळी आहे. तुमच्या शाळेत कधी एखादी मुलगी किंवा मुलगा बऱ्याच महिन्यांनी परत येतो. डोक्यावरचे केस गेलेले, तोंडाला मास्क. रक्ताच्या कर्करोगाची औषधं चालू असतात. ती औषधं मज्जेतल्या वाढत्या पेशींनाही मारतात आणि न्यूट्रोफिल फार कमी होतात. एक घन मिलिमीटर रक्तात त्या ५०० च्या खाली गेल्या तर डॉक्टर फार जपतात. आता आपलं गणित लावून बघा. हाकेला यायला पेशीच नाहीत, म्हणजे गर्दी जमत नाही. अशा मुलाला काटा टोचला, जंतू आत गेले, तरी कातडी फारशी लाल होणार नाही, पू होणार नाही. वरून सगळं ठीक दिसेल आणि आत जंतू वाढत असतील. नुसता ताप, एवढीच काय ती खूण. म्हणून त्याला ताप आला की रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायचा असतो, सकाळची वाट बघायची नसते. आणि म्हणूनच त्याच्या शेजारी बसायचं असेल तर हात साबणानं धुऊन बसा, सर्दी झाली असेल तर दोन दिवस लांबून गप्पा मारा. पण गप्पा माराच! हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. उगाच त्याचा बाक वेगळा करू नका.

दाटी ओळखणाऱ्या पेशी न्यूट्रोफिलच एकट्या नव्हेत. 'टी' पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी आहेत. जागी झालेली टी पेशी 'इंटरल्युकिन-२' नावाचं रसायन सोडते. ते पिऊन टी पेशी वाढतात. पण त्यांच्यातच काही राखणदार टी पेशी असतात. त्या हे रसायन स्वतः फारसं करत नाहीत, नुसतं पितात. रसायन जितकं जास्त, तितक्या जागृत पेशी जास्त. राखणदारांना त्यावरून गर्दीचा अंदाज येतो. त्याही वाढतात आणि गर्दीला आवर घालतात. या राखणदार पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना २०२५ सालचं नोबेल मिळालं. आणि इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टी पेशींना अगदी बारीक खळग्यांत ठेवून २०१८ साली दाखवलं, की खळग्यात पेशी पुरेशा जास्त असल्या तर त्यांतून 'आठवण ठेवणाऱ्या' पेशी अधिक तयार होतात. एकट्यादुकट्या पेशीला ते तितकं साधत नाही. गोवराची लस बाळपणी घेतली तरी पुढं कितीतरी वर्षं उपयोगी पडते, ती अशाच आठवण ठेवणाऱ्या पेशींच्या जिवावर.

आता कामाचं. काटा मोडला तर साबणानं धुऊन सुई उकळत्या पाण्यातून काढून मोठ्या माणसाकडून काढून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आईला विचारा. आणि पिकलेली पुळी, गळू दाबायचं नाही! तुम्हांला वाटतं, आपण पू बाहेर काढतोय. पण तिथं पेशींनी मोठ्या मेहनतीनं कोट बांधलेला असतो. तुम्ही अंगठ्यानं दाबता तेव्हा तो फुटतो आणि पू आतल्या बाजूलाही पसरतो. नाकावरची आणि ओठांवरची पुळी तर मुळीच नाही. लाली पसरत चालली, ताप आला, तर सरळ डॉक्टरांकडे.

आणि "हूँ"चा खेळ तुम्हीही खेळून बघा. एक नवा नियम घाला: आवाज फार मोठा वाटला की ज्याला वाटेल त्यानं आपणहून गप्प व्हायचं, कोणी कोणाला सांगायचं नाही. किती जणांवर आवाज स्थिरावतो? वर्गात किती, मैदानात किती? दोन्ही आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. वर्गात किती मुलं होती तेही लिहायला विसरू नका, नाहीतर मला काही हिशेब लागायचा नाही.

तुमच्या बाई